वाट पाहण्याच्या दिवसांत समाधानाने कसे जगावे: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

मृग कोरडा गेला की मराठवाड्यात सगळ्यांचे डोळे आभाळाला लागतात. पण रविवारी उपासनेला आलेल्या बाकांवर नजर टाकली, तर पावसाखेरीज कितीतरी गोष्टींची वाट पाहिली जात असते. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत तिशी गाठलेला मुलगा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतो. लग्नाला आठ वर्षे झालेली सून बाळाची. तपासणीला नमुना देऊन आलेले काका रिपोर्टची. बीडकडची आजी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या लेका-सुनेची. कोणाचा वाटणीचा दावा तारखांवर तारखा खातो आहे, तर कोणी रोज रात्री नवऱ्याची दारू सुटण्यासाठी गुडघे टेकते.

या सगळ्यांना आपण मंडळीत एकच उत्तर देतो: ‘प्रभूची वेळ येईल.’ उत्तर खरे आहे, पण ते ऐकून माणूस घरी गेला की सोमवारी सकाळी त्याने नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. त्या सोमवारसाठी हा लेख आहे.

सुरुवात पौलापासून करू. फिलिप्पैकरांना लिहिताना तो सांगतो की, ज्या अवस्थेत आहे तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे (४:११). तेव्हा तो कैदेत होता आणि निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. तरी त्याच पत्रात तो म्हणतो की, मीही लवकरच तुमच्याकडे येईन असा प्रभूमध्ये मला भरवसा आहे (२:२४). म्हणजे सुटकेची इच्छा त्याने मारून टाकली नव्हती. इच्छाही होती आणि समाधानही होते, दोन्ही एकाच पत्रात. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की समाधानी व्हायचे तर मागणे सोडावे लागेल, किंवा मागत राहायचे तर बेचैन राहावे लागेल. पवित्र शास्त्र आपल्यापुढे असा पेच टाकत नाही. आणि पौलाला जे शिकावे लागले, ते शिकायला आपल्यालाही वेळ लागेल, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

पहिले काम: वही घ्या आणि एका वाक्यात लिहा

साधी शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर तारीख टाका आणि तुम्ही कशाची वाट पाहता आहात ते एका वाक्यात लिहा. ‘सगळे नीट व्हावे’ असे लिहू नका. ‘मला पोलीस भरतीत नोकरी मिळावी’, ‘आम्हांला मूल व्हावे’, ‘माझ्या भावाने माझ्याशी पुन्हा बोलावे’ असे लिहा. पुष्कळदा हे वाक्य लिहितानाच रडू येते. येऊ द्या.

त्याखाली तीन भाग करा: माझ्या हातात काय आहे, दुसऱ्या माणसांच्या हातात काय आहे, आणि फक्त देवाच्या हातात काय आहे. भरतीच्या मुलाचे उदाहरण घ्या. रोजचे धावणे, अभ्यास, जातवैधता आणि रहिवासाची कागदपत्रे तयार ठेवणे हे त्याच्या हातात. जाहिरात कधी निघणार, निकाल कधी लागणार हे दुसऱ्यांच्या हातात. आपले आयुष्य कोणत्या वाटेने जाणार हे देवाच्या हातात. आपली गत अशी होते की तिसऱ्या भागातल्या गोष्टींची काळजी दिवसभर करतो आणि पहिल्या भागातले काम तसेच राहते.

याकोब या बाबतीत शेतकऱ्याकडे बोट दाखवतो. तो भूमीच्या मोलाच्या पिकासाठी पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो (५:७). हे वचन मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग आणि परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात. पण तोवर शहाणा शेतकरी बांधावर नुसता बसून राहत नाही. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, सात-आठ दिवसांनी मोड मोजतो. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे चांगले, कमी उगवले तर बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. नांगरट, पाळी, बांधबंदिस्ती त्याच दिवसांत होते. आणि जो घाईने धूळपेर करतो, त्याच्यावर बरेचदा दुबार पेरणीची पाळी येते. तुमच्या वहीतला पहिला भाग म्हणजे ही उगवण तपासायची कामे. त्यातले एक आज करा, उरलेली आठवड्यात वाटून घ्या.

दुसरे काम: देवापुढे तक्रार करायला शिका

इथे थोडे थांबून लिहिणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांत हीच गोष्ट सर्वांत कमी शिकवली जाते. प्रार्थनासभेत कोणी ‘मी थकले’ म्हटले की लगेच चार जणी ‘असे बोलू नये, विश्वास ठेव’ म्हणून तिला गप्प करतात. मग ती पुढच्या वेळी हसून ‘प्रेज द लॉर्ड, सगळे बरे आहे’ म्हणते आणि घरी जाऊन एकटी रडते.

तेरावे स्तोत्र उघडा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो की हे कुठवर चालणार, तू मला विसरलास काय. तिसऱ्या-चौथ्यात तो मागतो: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो की, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. परिस्थिती मधल्या काळात बदलली असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

याच साच्यात तुमचे स्वतःचे स्तोत्र लिहा. दोन ओळी तक्रारीच्या, दोन मागणीच्या, दोन भरवशाच्या. अलंकारिक भाषा नको, घरात बोलता तसेच लिहा. ‘प्रभू, माझ्या मागच्या तिघींची लग्ने झाली. तुला दिसत नाही काय?’ असे लिहिले तरी चालते, तो ऐकून घेतो. शेवटच्या दोन ओळी सुचल्या नाहीत तर जागा कोरी सोडा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. महिन्याभराने त्या कोऱ्या जागेवर पुन्हा या.

हन्नाची गोष्ट याच कामाची आहे (१ शमुवेल १). वर्षानुवर्षे सवत पनिन्ना तिला टोचून बोलत होती. नवरा एलकाना मायाळू होता, पण त्याचे सांत्वन काय, तर ‘मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय?’ तिच्या दुःखाला त्याचे उत्तर पुरले नाही. मंदिरात ती ओठ हलवत रडली तर याजक एलीला वाटले, ही दारू प्यालेली आहे. घर, नवरा, याजक, कोणालाच ती नीट कळली नाही. तिने सगळे देवापुढे ओतले, आणि अठरावे वचन सांगते की ती जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे लक्ष देऊन वाचा: शमुवेल अजून पोटात आलेला नाही. चेहरा आधी बदलला, बाळ नंतर आले. मी या लेखात जे समाधान म्हणतो आहे ते हे, आणि ते हन्नाला तोंड दाबून मिळालेले नाही, मन मोकळे करून मिळाले.

तिसरे: आजच्यापुरती भाकर

रानात इस्राएल लोकांना मान्ना रोजच्यापुरता मिळे. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले (निर्गम १६). प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर आज मागतो. वाट पाहणारा माणूस मात्र पुढच्या पाच वर्षांची काळजी आजच खाऊन टाकतो: ‘पस्तिशीपर्यंत नोकरी लागली नाही तर? आई-बाबा थकले तर?’

यासाठी दिवसाचा एक लहानसा नेम पुरे होतो. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि एकच मागणे मागा: ‘आजचा दिवस निभावायला जे लागेल ते दे.’ रात्री झोपताना वहीत लिहा, आज ते कोणत्या रूपाने मिळाले. शेजारणीने कालवण आणून दिले, वाचलेले लक्षात राहिले, टँकर वेळेवर आला, एवढे लहान असले तरी लिहा. पंधरा मिनिटांवर जाऊ नका, नाहीतर हा नेम आठवड्यात सुटेल.

आणि निकालाची वेबसाइट, भरतीचे व्हॉट्सॲप गट, लग्नाच्या स्थळांचे मेसेज पाहायची वेळ ठरवून टाका. दिवसातून दोनदा, जेवणाआधी नाही आणि झोपण्याआधी तर नाहीच. फोन दर दहा मिनिटांनी उघडल्याने जाहिरात लवकर निघत नाही, मन मात्र दर दहा मिनिटांनी सोलले जाते.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे: इथेच घर बांधा

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन आपल्या पुष्कळ घरांत भिंतीवर असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पण ते एका पत्रातले वाक्य आहे आणि त्याच्या आधीची वाक्ये कोणी फ्रेम करून लावत नाही. बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना देव तिथे सांगतो: घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावून द्या, आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले आहे त्याचे हित साधा, त्यासाठी प्रार्थना करा. त्यानंतर दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत येते. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना ती सत्तर वर्षे पुरी झालेली दिसणार नव्हती. तरी देवाने त्यांना बॅगा भरून दाराशी बसायला सांगितले नाही.

आता वहीत नवे पान घ्या आणि लिहा: ‘हे झाले की मग करू’ म्हणून मी काय काय टांगून ठेवले आहे? ही यादी प्रामाणिकपणे केली तर धक्का बसतो. नोकरी लागली की मित्रांकडे जाईन. लग्न झाले की घराला रंग देऊ. मूल झाले की संडे स्कूलला शिकवीन. केस निकाली निघाली की आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन करू. यातल्या बहुतेक गोष्टींना थांबायचे कारणच नसते. त्यांतली एक या महिन्यात करा. आईचे डोळे आधी दाखवा. अंगणात शेवग्याचे रोप लावा. मंडळीच्या गायनवृंदात नाव द्या. अभ्यासिकेतल्या मुलाने आठवड्यातून दोन तास वस्तीतल्या दहावीच्या मुलांना गणित शिकवावे. त्याचा अभ्यास यामुळे बुडत नाही, आणि ‘मी अजून काहीच झालो नाही’ ही भावना दोन तासांपुरती तरी गळून पडते, कारण समोरच्या मुलांसाठी तो आजच कोणीतरी असतो.

आपल्या भागात याचे एक जुने उदाहरण आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसांना राहायला हक्काची जागा मिळाली. समाज बदलेल तेव्हा बदलेल, तोवर भिंती उभारायच्या आणि माणसे राहती करायची, असेच हे काम होते.

आडवाटा ओळखा

वाट लांबली की कोणीतरी जवळची वाट दाखवायला येतोच. इस्राएलचा राजा शौल गिलगाल येथे संदेष्टा शमुवेलासाठी सात दिवस थांबला. पलिष्टी जमत होते, त्याचे लोक पांगत होते, म्हणून त्याने स्वतःच होमबली अर्पण केला. अर्पण संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोचला (१ शमुवेल १३). त्या घाईची किंमत राज्य होती.

आपल्याकडच्या आडवाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘पैसे भरा, ऑर्डर काढून देतो’ म्हणणारा एजंट. घाबरून सावकाराकडून काढलेले कर्ज. वय वाढले म्हणून माणूस न पाहता ठरवलेले लग्न. यांच्याइतकाच धोका मला आणखी एकाचा वाटतो: पैसे घेऊन किंवा न घेता, तारखेसकट भविष्यवाणी करणारे. यिर्मयाच्या काळातही हनन्या होता. दोन वर्षांत सगळे परत मिळेल, असे त्याने देवाच्या नावाने सांगितले (यिर्मया २८) आणि लोकांना ते सत्तर वर्षांपेक्षा गोड लागले असणार. ते खोटे होते. ‘तीन महिन्यांत गर्भ राहील, बियाणे म्हणून इतके अर्पण पेरा’ असे कोणी म्हणाले तर उठून घरी या. आणि उत्तर न मिळाल्याबद्दल ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे कोणी म्हणाले, तर पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, आठवा. त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर आले (२ करिंथ १२). पौलाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

मोठा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा एक साधी कसोटी लावा: तो तुमच्या पाळकांना आणि आणखी एका प्रार्थना करणाऱ्या माणसाला सगळ्या तपशिलांसह सांगता येतो का? त्यातला एखादा तपशील लपवावासा वाटला, तर निर्णय आठवडाभर पुढे ढकला.

सोबती एक पुरे

सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा, जो सल्ला कमी देतो. त्याला सांगा, ‘दर बुधवारी मला फोन कर, काय झाले विचारू नकोस, फक्त माझ्याबरोबर प्रार्थना कर.’

लग्नकार्यात ‘तुमचे कधी?’, ‘गोड बातमी काय?’ विचारणाऱ्या मावशी-आत्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘आम्ही प्रार्थना करतो आहोत मावशी, तुम्हीही करा.’ बहुतेक वेळा बोलणे तिथेच थांबते. आणि आपणच त्या मावशी असू, तर न विचारता भाकरी-भाजीचा डबा घेऊन जावे. ईयोबाचे मित्र सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर त्यांनी त्याचे भले केले. बोलायला लागले आणि बिघडले.

घरातल्या कोणाच्या विश्वासाची वाट पाहत असाल तर सोबत्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते: त्या माणसाला त्याचा वेळ देणे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली होती. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, स्वतःच्या मनाने. ज्या घरात एकाने आधी प्रभूला स्वीकारले आहे, तिथे या पाच वर्षांचा विचार जरूर व्हावा. रोजचे टोमणे आणि जबरदस्तीची कुटुंब-प्रार्थना यांनी कोणी जवळ येत नाही.

मन खचले असेल तर

संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले (१ राजे १९). बोलणे नंतर. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, जगू नये असे वाटते, असे होत असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आजच घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. नापिकीने आणि कर्जाने आपल्या भागातली किती घरे उजाड केली, हे आपण पाहिले आहे. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

उत्तर ‘नाही’ असे आले तर

हेही होते, आणि त्याची तयारी आधीपासून ठेवावी. हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायात (३:१७-१८) अंजीर फुलत नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. ही दोन वचने वहीत आपल्या शब्दांत उतरवा. ‘सोयाबीनला शेंग लागली नाही, कापसाला भाव नाही, बोअर आटला, मेरिट लिस्टमध्ये नाव नाही’ आणि मग ‘तरी’. ‘तरी’च्या पुढचे वाक्य आज लिहिता आले नाही तर आगमनकाळात किंवा उपवासकाळात पुन्हा प्रयत्न करा. मंडळीने हे दोन्ही काळ वाट पाहण्याच्या सरावासाठीच तर राखून ठेवले आहेत. नाताळच्या आधीचे चार रविवार फराळ आणि सजावटीत घालवण्याऐवजी घरात रोज संध्याकाळी एक मेणबत्ती लावून आपापली वही सगळ्यांनी मिळून वाचली, तर मुलेही हे शिकतील.

आणि ‘होय’ आले तर

ऑर्डर हातात आली, रिपोर्ट चांगला आला, दिवस राहिले, की रविवारी साक्ष द्यावीशी वाटणारच, आणि द्यावी. पण त्याआधी शनिवारी त्या माणसाच्या घरी जा, जो तुमच्याबरोबर त्याच गोष्टीची वाट पाहत होता आणि अजून पाहतो आहे. बातमी त्याला तुमच्या तोंडून, एकांतात कळू द्या. त्याला रडू आले तर ‘तुझेही होईल’ म्हणू नका, तुम्हांला ते ठाऊक नाही. त्याच्याबरोबर बसा. साक्षीत ‘मी विश्वास ठेवला म्हणून मिळाले’ असे म्हणू नका, कारण समोर बसलेल्यांनीही विश्वास ठेवलेला असतो. देवाने काय दिले ते सांगा, आणि वाट पाहण्याच्या दिवसांत त्याने काय दिले होते तेही वहीतून दोन-चार ओळी वाचून सांगा. मग बुधवारचा फोन चालू ठेवा, या वेळी तुमच्याकडून.